पीचच्या मुळाशी सापडलेला के-८४

बदाम, पीच, जर्दाळू, गुलाब अशा झाडांची रोपवाटिका चालवणाऱ्याला एका रोगाचा पत्ता लागतो तो रोपं विकायच्या हंगामातच. निगा राखून वाढवलेलं रोप जमिनीतून उपटावं, तर खोड संपून मूळ सुरू होतं नेमक्या त्या जागी गाठ. कधी वाटाण्याएवढी, कधी मुठीएवढी, खडबडीत आणि लाकडासारखी टणक. वरचा पाला तोवर हिरवागार असतो, म्हणून आधी शंकाही येत नाही. गाठीचं रोप गिऱ्हाईक घेत नाही, बऱ्याच ठिकाणी कायदाही ते विकू देत नाही. मग सरळ होळी. विसाव्या शतकाची पहिली सत्तर वर्षं क्राऊन गॉल या रोगावर जगभरच्या रोपवाटिकांकडे याहून खात्रीचा इलाज नव्हता.

तो इलाज दक्षिण ऑस्ट्रेलियात सापडला, आणि सापडला तोही रोगट झाडाच्याच मुळाशी. रोग करणाऱ्या जिवाणूचा एक निरुपद्रवी भाऊबंद तिथे गाठीलगतच्या मातीत राहत होता. मातीतल्या रोगांवर जिवाणू सोडून मात करायची धडपड त्याआधी कित्येक वर्षं चालली होती आणि बहुतेक फसली होती. हा एक प्रयोग का टिकला, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आज ‘जैविक’ या नावाखाली जे सगळं विकलं जातं त्याच्या समर्थनार्थ या यशाचा दाखला फार सैल हातानं दिला जातो.

रोगाचं कारण शोधलं अमेरिकेच्या शेती खात्यातल्या अर्विन स्मिथ यांनी. झाडांना जिवाणूंमुळे रोग होतात हेच तेव्हा युरोपातले काही मोठे पंडित मानायला तयार नव्हते. जर्मनीतल्या आल्फ्रेड फिशर यांच्याशी स्मिथ यांचा छापील वाद शतकाच्या उंबरठ्यावर चांगलाच पेटला होता. १९०७ साली स्मिथ आणि टाउनसेंड यांनी पॅरिस डेझी या फुलझाडावरच्या गाठीतून जिवाणू वेगळा काढला, निरोगी झाडाला टोचला, आणि पुन्हा तशीच गाठ आली. चार वर्षांनी या दोघांनी नेली ब्राऊन यांच्यासह या रोगावर एक भरभक्कम सरकारी पुस्तिका काढली. तिच्या शीर्षकात कारण आणि उपाय दोन्हींची ग्वाही होती. कारणाची बाजू पक्की होती, उपायाची लंगडी. स्मिथ यांना स्वतःला पुढे रोपवाटिकांपेक्षा गाठीतच जास्त रस वाटू लागला. माणसाच्या कर्करोगाचं कोडं झाडावरच्या या गाठीतून सुटेल, अशी आशा त्यांनी १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही.

ती आशा पुरी झाली नाही, पण तिच्या मागे लागलेल्या लोकांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रॉकफेलर संस्थेतल्या आर्मिन ब्रॉन यांनी १९४०च्या दशकात त्यासाठी निवडली ती आपल्या अंगणात कुणी न लावताही उगवणारी सदाफुली. सदाफुली सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांची उष्णता काही दिवस सोसते, गाठीचा जिवाणू सोसत नाही. जिवाणू टोचायचा, काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग झाड तापवायचं. जिवाणू मरून जात, गाठ मात्र वाढतच राही. म्हणजे जिवाणू पहिल्या काही दिवसांतच झाडाच्या पेशींत काहीतरी सोडून मोकळा होत होता, आणि त्यानंतर त्याची गरजच उरत नव्हती. ब्रॉन यांनी त्या अज्ञात वस्तूला गाठ घडवणारं तत्त्व असं नाव दिलं. रोपवाटिकेच्या दृष्टीनं याचा अर्थ कडू होता. गाठ दिसल्यावर कितीही जालीम जिवाणूनाशक वापरा, उपयोग शून्य. जे करायचं ते मूळ छाटलं जातं, खरचटतं त्या क्षणाच्या आसपासच करायला हवं, कारण हा जिवाणू जखमेतूनच आत शिरतो.

दरम्यान मातीतल्या रोगांचे अभ्यासक वेगळ्याच वाटेनं चालले होते. कॅनडात सॅनफर्ड यांनी १९२६ साली बटाट्याच्या खवल्या रोगाबद्दल लिहिलं, की हिरवळीचं खत गाडल्यावर रोग कमी होतो तो मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांनी रोगजंतूला दाबल्यामुळे. कल्पना पटणारी होती. पाठोपाठ प्रतिजैविकांचं युग आलं आणि प्रयोगशाळांत एकच उद्योग सुरू झाला: काचेच्या बशीत रोगजंतू वाढवायचा, शेजारी मातीतला एखादा जिवाणू ठेवायचा, आणि मध्ये मोकळं वर्तुळ उमटलं की औषध सापडलं म्हणायचं. अशी वर्तुळं हजारोंनी उमटली. शेतात गेल्यावर त्यातले बहुतेक जिवाणू आठवड्याभरात दिसेनासे होत. मातीत आधीच कोट्यवधींची वस्ती. नव्यानं सोडलेल्याला तिथे खायलाही मिळत नाही आणि राहायलाही. सोव्हिएत संघात ॲझोटोबॅक्टरसारखे जिवाणू बियाण्याला चोळून लाखो हेक्टरांवर पेरले गेले. तिथे हेतू रोगापेक्षा उत्पादनवाढीचा होता, आणि फळ एका शेतात दिसे, दुसऱ्यात नाही. १९६३ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला जगभरचे मातीरोगतज्ज्ञ जमले, तेव्हा चर्चा भरपूर झाली. शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगा जिवाणू मात्र कुणाच्या खिशात नव्हता.

ॲलन केर हे याच मंडळींतले. एडिंबरोत जन्मलेले केर १९५१ साली ॲडलेडच्या वेट कृषी संशोधन संस्थेत आले. पीटर वेट या मूळच्या स्कॉटिश मेंढपाळ-जमीनदारानं विद्यापीठाला दिलेल्या जमिनीवर ही संस्था उभी आहे. केर यांचं आधीचं काम मातीतल्या बुरशांवर होतं. मुळाभोवती सेलोफेनचा पापुद्रा गुंडाळला तरी बुरशी बाहेरून त्याला चिकटून मोर्चेबांधणी करते, म्हणजे मुळातून झिरपणाऱ्या रसाचा तिला सुगावा लागतो, हे त्यांनी दाखवलं होतं. मधली काही वर्षं त्यांनी सिलोनच्या चहा संशोधन संस्थेत काढली आणि ॲडलेडला परतल्यावर क्राऊन गॉल हाती घेतला. दक्षिण ऑस्ट्रेलियात बदाम आणि पीचच्या रोपवाटिका या रोगानं बेजार होत्या, इतकं साधं कारण पुरेसं होतं.

पहिला धक्का १९६९ साली बसला. केर यांनी टोमॅटोच्या एकाच झाडात रोग करणारा जिवाणू आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद असे दोन्ही सोडले. काही काळानं दोघांना पुन्हा वेगळं काढलं, तर निरुपद्रवी जिवाणूही गाठी करू लागला होता. रोग करण्याची क्षमता एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती! ‘नेचर’मध्ये हे छापून आलं, तेव्हा त्या क्षमतेचा वाहक कोण हे कुणालाच सांगता येत नव्हतं. या निरीक्षणाचे दोन फाटे फुटले. एक गेला बेल्जियमला, त्याकडे पुढे येऊ. दुसरा ॲडलेडच्या मातीतच राहिला.

केर आणि त्यांचे सहकारी झाडांभोवतीच्या मातीत दोन्ही प्रकारच्या जिवाणूंची गणती करत होते. रोगट झाडांच्या मुळाशी रोग करणारे बहुसंख्य, निरोगी झाडांच्या मुळाशी निरुपद्रवी बहुसंख्य. मग हे प्रमाणच मुद्दाम उलटं केलं तर? ‘बशीत वर्तुळ कोण उमटवतं’ या चालीपेक्षा हा प्रश्न फार वेगळा आहे. इथे उमेदवार बाहेरून आणायचा नव्हता. तो त्याच मुळाशी, त्याच जखमेपाशी राहणारा, रोगजंतूच्याच कुळातला होता. सहकारी न्यू यांच्यासह केर यांनी वेगवेगळे निरुपद्रवी जिवाणू रोगजंतूत मिसळून टोमॅटोवर वापरून पाहिले. पीचच्या गाठीजवळच्या मातीतून काढलेला एक अलगीकृत जिवाणू बाकीच्यांपेक्षा सरस निघाला. नोंदवहीतला त्याचा क्रमांक होता के-८४.

के-८४ ची संख्या रोगजंतूंइतकी किंवा त्याहून जास्त असली की गाठच येत नसे. १९७२ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हटाय या सहकाऱ्याबरोबरच्या प्रयोगांत बियाणं आणि मुळं दोन्ही बुडवून पाहिली गेली, आणि पीचची रोपं रोगट मातीतही जवळपास स्वच्छ निघाली. १९७३ पासून ऑस्ट्रेलियातल्या रोपवाटिका के-८४ वापरू लागल्या. शोध आणि वापर यांत वर्ष-दीड वर्षाचं अंतर. शेतीच्या इतिहासात हे फार विरळ आहे.

वापरायची रीत इतकी सोपी, की शंका यावी. बशीत वाढवलेले जिवाणू पाण्यात कालवायचे, दर मिलिलिटरला सुमारे एक कोटी. पाणी क्लोरीनचं नको, नाही तर औषधच मरायचं. लावणीआधी बी, कलमकाडी किंवा छाटलेली मुळं त्यात बुडवायची आणि ओली असतानाच लावायची. पुन्हा फवारणी नाही, आळवणी नाही. एकच बुडवणं. अट एकच: रोगजंतूच्या आधी के-८४ जखमेवर पोहोचला पाहिजे. उशीर झाला तर सदाफुलीनं दाखवलेला न्याय लागू, गाठ येणारच. थोड्याच वर्षांत अमेरिका, युरोप, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड अशा अनेक देशांत तो पोहोचला.

के-८४ नेमकं काय करतो, हे उलगडायला वर्षं लागली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. तो समजण्यासाठी आधी रोगजंतूचं राजकारण समजायला हवं.

फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की गाठीत ऑक्टोपिन, नोपालिन अशी चमत्कारिक रसायनं तयार होतात, जी निरोगी झाडात सापडत नाहीत. कोणतं रसायन बनेल हे झाडावर नाही, जिवाणूवर ठरतं. आणि ते रसायन खाऊ शकतो तो प्रामुख्यानं तोच जिवाणू. म्हणजे जिवाणू झाडाच्या पेशींना वेठीला धरून आपल्यापुरतं अन्न शिजवून घेतो. अर्थात ते अन्न आत घ्यायला त्याच्या पेशीला खास दार लागतं. के-८४ एक विष बनवतो, ॲग्रोसिन ८४. ॲडलेडच्या मॅक्स टेट, रॉबर्ट्स आणि केर यांनी १९७७ साली त्याची रचना उलगडली: पेशीच्या नेहमीच्या वापरातल्या ॲडेनिन न्यूक्लिओटाइडचं ते बनावट रूप आहे. पुढे केर यांच्याकडेच घडलेले जेफ एलिस आणि पीटर मर्फी यांनी गाठीत ॲग्रोसिनोपिन नावाचं आणखी एक अन्न शोधलं आणि चित्र पुरं झालं. ॲग्रोसिन ८४ आत शिरतं ते ॲग्रोसिनोपिनच्या दारातून! ते दार ज्याच्याकडे आहे तोच मरतो, आणि ते दार प्रामुख्यानं रोग करणाऱ्यांकडेच असतं, कारण गाठ घडवण्याची आणि गाठीतलं खाण्याची सूत्रं एकाच ठिकाणी लिहिलेली असतात. मातीतल्या इतर जिवाणूंना, गांडुळांना, झाडाला या विषाचं सोयरसुतक नाही. आत गेल्यावर ते प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेतल्या एका विकरावर घाव घालतं, हे तर २००५ साली कळलं, म्हणजे शेतकरी तीस वर्षं के-८४ वापरत आल्यावर.

आणि के-८४ गाठीपाशी करत काय होता? त्याला गाठ घडवता येत नाही, पण गाठीतलं नोपालिन पचवता येतं. आमंत्रण नसताना लग्नाच्या पंगतीत बसावं आणि वर यजमानालाच विष घालावं, असा त्याचा कारभार. म्हणून तो त्या मातीत टिकून होता, आणि म्हणून तो बाटलीतून परत त्याच मातीत सोडल्यावरही टिकला. काचेच्या बशीतल्या हजारो वर्तुळवाल्यांना जे जमलं नाही ते त्याला जमलं ते यामुळे.

आता बेल्जियमचा फाटा. रोग करण्याची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते या केर यांच्या निरीक्षणामुळे, ती क्षमता मुख्य गुणसूत्राबाहेरच्या एखाद्या डीएनएच्या कडीवर असावी, असा तर्क बळावला. गेंट विद्यापीठात जेफ शेल आणि मार्क व्हान मोंटागू यांच्या गटाला १९७४ मध्ये ती मोठी कडी, प्लाझ्मिड, सापडली. ॲग्रोसिन ८४ नं मरण्याचा गुणही त्या प्लाझ्मिडवरच ठरतो, हेही याच गटानं दाखवलं. शेतकऱ्याचं औषध प्रयोगशाळेत कसोटी म्हणून कामाला आलं. सिॲटलमध्ये यूजीन नेस्टर यांच्या गटानं आणि मेरी-डेल चिल्टन यांनी १९७७ साली सिद्ध केलं, की त्या प्लाझ्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत जाऊन बसतो. ब्रॉन यांचं अज्ञात तत्त्व म्हणजे हा डीएनए. मग त्या तुकड्यातली गाठीची सूत्रं काढून आपल्याला हवं ते जनुक घालावं हे ओघानंच आलं, आणि १९८३ साली तशी झाडं तयारही झाली. जालन्याच्या महिकोच्या ज्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली, त्याचं जनुक कापसात पोहोचवणारा हाच गाठीचा जिवाणू. विदर्भ-मराठवाड्यात बीटीवर झालेल्या घनघोर वादांत या जिवाणूचं नाव क्वचितच निघालं. १९९० साली पहिलं ‘ऑस्ट्रेलिया पारितोषिक’ केर, नेस्टर आणि शेल या तिघांना मिळून दिलं गेलं.

पण रोपवाटिकेत सगळं सुरळीत नव्हतं. ॲग्रोसिन बनवण्याची आणि त्यापासून स्वतःचा बचाव करण्याची सूत्रंही एका प्लाझ्मिडवरच होती, आणि तेही इकडून तिकडे जाऊ शकत होतं. ज्या गुणानं केर यांना वाट दाखवली तोच आता उलटणार होता. ते प्लाझ्मिड रोगजंतूच्या हाती लागलं तर तो गाठीही करणार आणि के-८४ लाही भीक घालणार नाही. ग्रीसमध्ये पानागोपुलोस आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली अशा बंडखोर रोगजंतूंचा पुरावा पुढे ठेवला.

रासायनिक औषधाच्या बाबतीत अशा वेळी कंपन्या मात्रा वाढवतात किंवा नवं औषध आणतात. केर यांच्या गटानं प्लाझ्मिडमधला, त्याला दुसऱ्याकडे जाऊ देणारा सुमारे सहा हजार अक्षरांचा तुकडाच कापून काढला. बाहेरचं एकही जनुक आत ठेवलं नाही. नव्या जिवाणूचं नाव के-१०२६, आणि १९८८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जनुक बदललेले जिवाणू स्ट्रॉबेरीवर फवारण्याच्या नुसत्या चाचणीवरून गदारोळ झाला होता. १९८७ च्या त्या चाचणीची झाडं आदल्या रात्री कुणीतरी उपटून टाकली होती. ऑस्ट्रेलियात मात्र के-१०२६ ला परवानगी मिळाली आणि ‘नोगॉल’ या नावानं तो फारसा आवाज न करता दुकानात आला. जनुक बदललेला आणि खुल्या शेतीत वापरण्यासाठी विकला गेलेला तो जगातला पहिला जिवंत जीव मानला जातो. अमेरिकेत परवानगी मिळायला आणखी दहाएक वर्षं गेली. ऑस्ट्रेलियातल्या शांततेचं एक कारण मला असं दिसतं, की जुन्या के-८४ चा पंधरा वर्षांचा अनुभव रोपवाटिकांच्या गाठीशी होता, आणि काय कापलं व का कापलं हे एका वाक्यात सांगता येत होतं.

के-८४ च्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. द्राक्षवेलीवरची गाठ करणारा जिवाणू याच कुळातला, पण वेगळा; ॲग्रोसिनला तो दाद देत नाही, म्हणून द्राक्षाला के-८४ चा उपयोग नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात द्राक्षासाठी एफ-२/५ हा दुसरा जिवाणू शोधण्यात आला, आणि त्याची रोग रोखण्याची तऱ्हा के-८४ हून निराळी निघाली. बदाम, पीच, गुलाब यांच्यातही ज्या रोगजंतूंकडे ते विशिष्ट दार नसतं त्यांच्यावर के-८४ कमी पडतो. एका दारासाठी घडलेलं ते हत्यार आहे.

म्हणून हे यश मर, मूळकूज, करपा अशा सगळ्या रोगांवर एकच पुडी विकणाऱ्यांच्या खात्यावर जमा करू नये. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सुडोमोनास आणि बॅसिलसच्या पुड्या मिळतात. त्यांतल्या काहींमागे चांगलं संशोधन आहे. घेताना लेबलावर जिवाणूचा नुसता वंश आणि जातीचं नाव वाचून थांबू नका. स्ट्रेनचा क्रमांक, नेमका कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगासाठी शिफारस आहे, दर ग्रॅमला जिवंत जिवाणू किती आणि वापरण्याची शेवटची तारीख कोणती, हे चार प्रश्न दुकानदाराला विचारा, आणि पुडी उन्हातल्या फळीवर ठेवलेली असेल तर ती घेऊ नका.